पाणी माइन्सची गाडी

आमच्या घरात आजोबांचा विषय निघाला की आत्या हटकून म्हणायची, "तेव्हा दादा पाण्यावर होते." आजोबांना सगळी भावंडे दादाच म्हणत. माझी लहानपणापासून समजूत अशी, की आजोबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात असावेत. हे पाणी म्हणजे नळाचे पाणी नव्हे, पाणी नावाचे एक गाव आहे, हे कळायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली. आणि ते कळण्याच्या आधीच माझ्या हातून एक काम होऊन गेले होते. ते काम सांगितल्याशिवाय हा इतिहास लिहिणे मला बरे वाटत नाही. म्हणून आधी इतिहास सांगतो, मग ते सांगतो.

बडोद्याहून गोध्र्याकडे निघाले की सामलाया सोडल्यावर चांपानेर रोड नावाचे स्टेशन लागते. नाव चांपानेरचे असले तरी खरे चांपानेर तिथून पंधरा-वीस किलोमीटर दूर, पावागडाच्या पायथ्याशी आहे. या स्टेशनावरून एके काळी एक छोटी गाडी सुटत असे. ती हालोलला जाई, पावागड उजव्या हाताला ठेवून शिवराजपूर गाठी आणि पुढे जांबुघोड्याकडच्या डोंगराळ मुलुखात शिरून पाणी माइन्स या शेवटच्या स्टेशनावर थांबे. एकूण लांबी सुमारे ३१ मैल, म्हणजे ५० किलोमीटर. दोन रुळांमधले अंतर २ फूट ६ इंच, आजच्या मापात ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाचे अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे ही गाडी तिच्यापुढे निम्म्याहूनही लहान. कागदोपत्री नाव चांपानेर–शिवराजपूर–पाणी लाइट रेल्वे.

ही गाडी माणसांसाठी घातलेली नव्हती. हालोल, शिवराजपूरचे लोक तिच्यात बसत, पावागडच्या कालिकामातेला जाणारे यात्रेकरूही बसत, पण गाडी घातली ती मँगनीजच्या खनिजासाठी.

मँगनीज म्हणजे काय, हे मलाही पदविकेच्या वर्गात शिकवले तेवढेच ठाऊक होते. पोलाद करताना वितळलेल्या लोखंडात प्राणवायू आणि गंधक शिल्लक राहते. त्यामुळे पोलाद ठिसूळ होते, लाटताना त्याला चिरा जातात. मँगनीज घातले की ते हे दोन्ही दोष काढून घेते. एक टन पोलादाला साधारण पाच ते दहा किलो मँगनीज पुरते. पण ते पाच किलो नसेल तर तो टनभर माल कामाचा राहत नाही. १८८२ मध्ये इंग्लंडमधल्या रॉबर्ट हॅडफिल्डने पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिले. ते पोलाद घाव बसतील तसे अधिकच कठीण होत जाते. रेल्वेच्या रुळांचे सांधे जिथे एकमेकांना छेदतात, त्या क्रॉसिंगसाठी जगभर हेच पोलाद वापरले जाऊ लागले.

त्या काळी जगाला मँगनीजचा सर्वांत मोठा पुरवठा होई तो रशियाच्या ताब्यातल्या कॉकेशसमधून, चियातुराच्या खाणींतून. हिंदुस्थानात १८९२ च्या सुमारास विशाखापट्टणकडे मँगनीज काढायला सुरुवात झाली होती आणि १९०० च्या आगेमागे नागपूर, भंडारा, बालाघाट भागात. मग १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झाले, त्यापाठोपाठ १९०५ मध्ये रशियात उठाव झाला, आणि कॉकेशसचा माल अडला. भाव चढले. हिंदुस्थानभर लोक काळे दगड शोधत डोंगर हिंडू लागले. शिवराजपूरच्या टेकड्यांचा उदय या लाटेतला. इथले खडक फार जुने आहेत. १८६९ मध्येच भूगर्भशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी या खडकांना चांपानेरचे नाव दिले होते, आणि भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही आहे.

शिवराजपूर सिंडिकेट या कंपनीने इथे खाणी चालवल्या. तिच्या मागे मुंबईची किलिक निक्सन ही पेढी होती. खाण निघाली, पण माल बंदरापर्यंत न्यायचा कसा? मँगनीजचे खनिज साध्या दगडाच्या दीडपट-पावणेदोनपट जड. हालोलच्या काळ्या मातीतून बैलगाडीने ते नेणे म्हणजे पावसाचे चार महिने धंदा बंद. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी, १९११ पासूनच्या दोनेक वर्षांत, ही रेल्वे घातली गेली. मालकी गुजरात रेल्वेज कंपनीची, कारभार किलिक निक्सनचा आणि गाडी चालवायचे काम बी.बी. अँड सी.आय. रेल्वेकडे.

किलिक निक्सनचे नाव आपल्यातल्या वऱ्हाडच्या मंडळींना नवे नसेल. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला याच पेढीच्या कारभाराखालची. तीही २ फूट ६ इंचाची, तीही जवळपास त्याच वर्षांतली. तिकडे कापूस, इकडे मँगनीज, एवढाच फरक. पण शकुंतलेवर लोकांनी जीव लावला, तिला बाईचे नाव दिले, ती बंद पडली तेव्हा मोर्चे निघाले. आमच्या पाणीच्या गाडीच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

असे का झाले असावे, याचा मी बराच विचार केला. मला वाटते, कारण सरहद्दीत आहे.

आपण बडोदेकर छोट्या गाडीचे जुने भक्त. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई–मियागाम हा मार्ग घातला. सुरुवातीला रूळ इतके हलके होते की इंजिनाचे वजन त्यांना पेलेना, तेव्हा गाड्या बैलांनी ओढल्या. जड रूळ घालून १८७३ मध्ये तिथे नियमित इंजिन धावू लागले. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात डभोई हे छोट्या गाड्यांचे केवढे मोठे जंक्शन झाले, ते आपल्या घराघरांत माहीत आहे. प्रतापनगरला गेलात तर त्या गाडीच्या जुन्या वस्तू जपून मांडलेल्या दिसतील. त्या रेल्वेला मालक होता, राजधानी होती, आणि मालकाच्या कर्तृत्वाचा इतिहास लिहिणारे लोक होते.

हालोल आणि शिवराजपूर मात्र गायकवाडीत नव्हते. हा पंचमहाल. मराठ्यांचा संबंध इथेही जुना आहे. पावागडचा किल्ला अठराव्या शतकात मराठ्यांच्या हाती आला आणि पुढे शिंद्यांकडे राहिला. १८०३ मध्ये इंग्रजांच्या फौजेने तो घेतला, पण सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर शिंद्यांना परत मिळाला. गोध्रा, दाहोद, हालोल, कालोल, झालोद हे पाच महाल शिंद्यांचे. १८५३ मध्ये त्यांनी इथली व्यवस्था दहा वर्षांसाठी इंग्रजांकडे सोपवली आणि १८६१ मध्ये दुसऱ्या मुलुखाच्या बदल्यात हा प्रांत कायमचा देऊन टाकला. त्यामुळे खाणी निघाल्या तेव्हा शिवराजपूर इंग्रजी मुलुखात होते. रेल्वे घालणारी एक कंपनी, चालवणारी दुसरी, आणि दोघींचीही कार्यालये मुंबईत. चार कोसांवर गायकवाडी सुरू होत होती, पण ही गाडी गायकवाडांची झाली नाही.

याचा एक पुरावा नकाशावर दिसतो. गायकवाडांची छोटी लाइन डभोईवरून बोडेली, छोटा उदेपूरकडे गेली. पाणी माइन्सपासून ती काही कोसांच्या आत होती. दोन्हींचे माप तेच, २ फूट ६ इंच. मधला तुकडा जोडला असता तर चांपानेर रोडवरून थेट डभोईला जाता आले असते. तो तुकडा कधीच जोडला गेला नाही. माल मुंबईला जायचा होता, डभोईला नव्हे. कंपनीचा हिशेब तिथे संपत होता.

काम कसे चाले, ते मला आत्याकडून आणि हालोल भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कळले. खाणीतून निघालेला दगड हातोड्याने फोडायचा, माती आणि गारगोटी वेगळी करायची, प्रतीप्रमाणे ढीग लावायचे. हे काम करणारे बहुतेक आसपासचे नायक आणि राठवा, बाया आणि पुरुष दोघेही. मग माल छोट्या वाघिणींत भरायचा. चांपानेर रोडला मात्र सगळा माल पुन्हा उतरवून मोठ्या गाडीच्या वाघिणींत चढवावा लागे, कारण मापे वेगळी. प्रत्येक टन माल असा दोनदा माणसाच्या डोक्यावरून गेला आहे. शेफिल्डच्या पोलादाचे गुणगान करणाऱ्या कुठल्याही पुस्तकात या टोपल्यांची गणती नाही.

पहिले महायुद्ध पेटले, तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली, आणि रशियाचे मँगनीज काळ्या समुद्रातच अडकून पडले. इंग्रजांच्या तोफखान्यांना आता हिंदुस्थानच्या मँगनीजचा आधार होता. १९३० नंतर जागतिक मंदी आली तेव्हा उलटा प्रकार झाला. हिंदुस्थानातल्या कित्येक मँगनीज खाणी बंद पडल्या. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा मागणी आणली. शिवराजपूरच्या डोंगरातल्या मजुराच्या घरी चूल पेटणार की नाही, हे असे हजारो मैलांवर ठरत होते.

आजोबा या गाडीवर लागले ते १९४० नंतर. ते मालधक्क्यावरचे कारकून होते. काही वर्षे चांपानेर रोड, मग शिवराजपूर, मग पाणी. आत्या आता ब्याऐंशीची आहे. तिला शिवराजपूर आठवते. "अरे, गाडी एवढी हळू की माझा भाऊ खाली उतरून बोरे वेचायचा आणि पुन्हा चढायचा," असे ती सांगते. मी यातले निम्मे खरे मानतो. तिच्या आईला मात्र त्या गाडीचा राग होता, कारण आजोबांचे धोतर कधी पांढरे राहिले नाही. मँगनीजची काळी धूळ साबणाने जात नाही.

आत्याची एक आठवण या स्मरणिकेत यायलाच हवी. शिवराजपूरला तेव्हा खाणीवर आणि रेल्वेवर मिळून चार-पाच मराठी घरे होती. गणपतीची मूर्ती बडोद्याहून आणावी लागे. आजोबा आदल्या दिवशी येऊन मांडवीतून मूर्ती घेत, लाकडी खोक्यात पेंढा घालून ती ठेवत, आणि चांपानेर रोडला गाडी बदलून पाणीच्या गाडीत मांडीवर खोके घेऊन बसत. गार्ड गुजराती होता, पण मूर्ती आहे म्हटल्यावर तो गाडी सावकाश सोडायला सांगे. विसर्जन खाणीच्या जुन्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात होई. आरतीला राठवांची मुले येत आणि प्रसाद घेऊन जात. आज त्या चार-पाच घरांपैकी तिथे कोणी नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये बी.बी. अँड सी.आय. पश्चिम रेल्वेत विलीन झाली. मँगनीजच्या निर्यातीला काही वर्षे बरकत होती, पण नंतर ब्राझील आणि आफ्रिकेतला माल बाजारात आला. शिवराजपूरचा सहज हाती येणारा चांगला दगड काढून झाला होता. रस्ते झाले, ट्रक आले. ट्रकला चांपानेर रोडवर माल उतरवून पुन्हा चढवावा लागत नव्हता. एकदा माल कमी झाल्यावर उरलेल्या प्रवाशांच्या तिकिटांवर गाडी किती चालणार? १९९० च्या सुमारास ती बंद झाली. रूळ काढून नेले. त्याच हालोलमध्ये पुढे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि २००४ मध्ये चांपानेर-पावागडला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. लाखो लोक तिथे येतात, सगळे रस्त्याने.

आता माझ्या हातून झालेले काम.

मी राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात आहे. स्थापत्यशास्त्राची पदविका घेऊन लागलो, त्याला वीसहून अधिक वर्षे झाली. चार वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका ग्रामीण रस्त्याचे रुंदीकरण माझ्याकडे आले. रस्ता एका जुन्या भरावावरून जात होता आणि मध्ये ओढ्यावर एक दगडी मोरी होती. मी मोजमापे घेतली. मोरी अरुंद होती, पण घडीव दगड, चुन्याचे सांधे, एकही तडा नाही. गावरस्त्याला एवढी नेटकी मोरी कोणी बांधली असेल, असा प्रश्न माझ्या मनात आलाही. पण अंदाजपत्रक त्या आठवड्यात पाठवायचे होते. मी बाब लिहिली: जुने दगडी बांधकाम पाडून मलबा हलवणे, इतके घनमीटर. मंजुरी आली. जेसीबीने मोरी अर्ध्या दिवसात पाडली. दगड भरावात गेले. तिथे सिमेंटचे नळ घातले. मोजणी पुस्तकात नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे, सही माझी आहे. नियमाप्रमाणे यात काही चुकले नाही.

वर्षभराने दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. तिच्याकडे लोणच्याच्या बरणीत फोडी दाबायला एक काळा दगड असतो, कापडात गुंडाळलेला. तो मी सहज उचलला आणि चमकलो. एवढासा दगड, पण हाताला भलताच जड. "हा कुठला?" विचारले. आत्या म्हणाली, "पाणीचा. दादांनी आणला होता." मग तिने ट्रंकेतून आजोबांची बदलीची चिठ्ठी काढून दाखवली. पाणी माइन्स. त्या रात्री मी घरी येऊन सर्वे ऑफ इंडियाचा ४६ एफ मालिकेतला जुना नकाशा पाहिला. छोट्या रेल्वेची रेघ चांपानेर रोडवरून निघून हालोल, शिवराजपूर करत गेलेली. मी माझा रस्ता त्यावर लावून पाहिला. माझा भराव म्हणजे तीच रेघ. मी पाडलेली मोरी आजोबांच्या गाडीची होती. मूर्तीचे खोके मांडीवर घेऊन ते तिच्यावरून किती वेळा गेले असतील!

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी ती रेघ शोधत हिंडतो. माझ्या धंद्याची माहिती इथे उपयोगी पडते. गाडीवाट ओढा चुकवत वाकते, चढावर चढते; रेल्वेला तसे चालत नाही. ती लांबून वळण घेते आणि चढ मोडून काढते. शेतातून जाणारा एखादा बांध विनाकारण उंच आणि सरळ असेल, त्यावर गांडो बावळ माजला असेल आणि गावाच्या जुन्या नकाशात तिथे अरुंद लांबट पट्टी वेगळ्या नोंदीने दाखवली असेल, तर ती बहुधा रेल्वे. खाली वाकून पाहायचे. मातीत काळे, जड, बोटे काळी करणारे खडे सापडले की शंका राहत नाही. वाघिणींतून सांडलेला माल तो. काही ठिकाणी रुळाचे तुकडे गोठ्याच्या दारावर तुळई म्हणून आहेत, काही ठिकाणी कुंपणाचे खांब झाले आहेत. मालक ते अभिमानाने दाखवतात आणि चहा पाजतात.

आतापर्यंत अशा सात मोऱ्या मला मिळाल्या आहेत. प्रत्येकीचे मोजमाप, फोटो आणि ठिकाण मी एका वहीत लिहिले आहे. त्यांतल्या दोन पुढच्या रुंदीकरणाच्या हद्दीत येतात. या वेळी अंदाजपत्रकासोबत मी एक टिपण जोडले: मोरी जुन्या रेल्वेची आहे, सुस्थितीत आहे, रस्ता सहा मीटर बाजूला घेतल्यास वाचू शकते, वाढीव खर्च इतका. वरून काय उत्तर येईल ते येवो. निदान पाडण्याआधी कोणीतरी ते वाचेल.

वाचकांना एक विनंती आहे. या गाडीला राजा नव्हता, म्हणून तिचे संग्रहालय नाही. तिचे कागद असलेच तर आपल्यासारख्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खालच्या खणात आहेत. आपले आजोबा, पणजोबा शिवराजपूर सिंडिकेटमध्ये, बी.बी. अँड सी.आय.मध्ये किंवा हालोलच्या बाजूला नोकरीला असतील, तर एखादा पास, पगाराची चिठ्ठी, स्टेशनासमोर काढलेला फोटो घरात असू शकेल. घर बदलताना, रंग देताना तो रद्दीत जाऊ देऊ नका. गणपतीच्या दहा दिवसांत मी रोज संध्याकाळच्या आरतीला मंडपात असतो. फोटो असेल तर मी तिथेच मोबाइलवर उतरवून घेईन आणि मूळ तुम्हाला लगेच परत देईन.

आणि घरात एखादा काळा, विनाकारण जड दगड असेल, तर तोही आणा. आत्याचा दगड मी मागितला होता. तिने दिला नाही. म्हणाली, लोणचे संपले की मग बघू.